फेब्रुवारीच्या कोरड्या डोंगरावर निसर्गभ्रमंतीला जाऊन पाहायचे तरी काय?

शाहूपुरीकर (प्रश्न)

नमस्कार. साताऱ्यातील एक स्वयंसेवी निसर्गसंवर्धन गट दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी अजिंक्यताऱ्याच्या उतारावर निसर्गभ्रमंती ठेवतो, असे शेजारच्या काकूंकडून समजले. शुल्क नाही, नावनोंदणी मात्र आधी करावी लागते. माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत आणि दोघांनाही घेऊन जावे असे मनात आहे. पण निर्णय होत नाही, म्हणून येथे विचारते.

माझ्या शंकेचे मूळ आमच्या कासच्या सहलीत आहे. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमधल्या एका रविवारी आम्ही कासला गेलो होतो. वाहनतळ, मग बस, मग रांग आणि रांगेतूनच फुले, असा तो दिवस गेला. मोबाइलमध्ये २०० हून अधिक छायाचित्रे जमली, आणि घरी आल्यावर मुलाने “यातल्या एका तरी फुलाचे नाव सांग” असे म्हटले, तेव्हा मला फक्त तेरडा सांगता आला. तोही आमच्या माहेरच्या अंगणात असायचा म्हणून. फुलांनी भरलेल्या पठारावरून जर आम्ही असे कोरडे परतलो, तर फेब्रुवारीत, गवत वाळून गेलेले असताना, रोज शेकडो लोक फिरायला जातात त्या अजिंक्यताऱ्यावर आम्हाला काय दिसणार आहे? पावसाळ्यापर्यंत थांबणे शहाणपणाचे ठरेल का? सासूबाईंचे गुडघे फार चढण सोसत नाहीत, आणि मुलगा दहा मिनिटांहून अधिक एका जागी उभा राहत नाही, हेही लक्षात घेऊन कृपया सांगावे.

वाटेवरचा स्वयंसेवक

ताई, ज्या गटाविषयी आपण विचारले आहे त्यात मी सहा वर्षे काम करतो, तेव्हा माझे मत पक्षपाती आहे असे समजूनच वाचावे.

पावसाळ्यापर्यंत थांबू नका. पावसाळ्यात सगळेच हिरवे असते आणि नवख्या माणसाला त्या हिरव्यात झाड झाडापासून वेगळे करता येत नाही. फेब्रुवारीत पाने गळालेली असतात, त्यामुळे झाडाची साल, फांद्यांची ठेवण, मागच्या वर्षीची रिकामी घरटी आणि उघड्या फांदीवर बसलेला पक्षी हे सारे नुसत्या डोळ्यांना दिसते. शिवाय काटेसावर, पांगारा आणि पळस हे याच दिवसांत फुलतात. फुललेल्या सावरीखाली पंधरा मिनिटे थांबले की कोतवाल, साळुंक्या, बुलबुल, शिंजीर आणि कधी पळसमैनांचा थवा असे पाहुणे स्वतःच येतात. आपल्याला कोठे जावे लागत नाही. थिरथिऱ्यासारखे हिवाळी पाहुणेही अजून मुक्कामाला असतात. दगडावर बसून शेपटी सारखी थरथरवणारा हा छोटा पक्षी मुलांना नावासकट लक्षात राहतो, कारण नावातच त्याची सवय आहे.

आता चढणीविषयी. आमची भ्रमंती म्हणजे गडाची चढाई नव्हे. पायथ्याकडच्या रस्त्याने दोन तासांत आम्ही जेमतेम एक किलोमीटर जातो, आणि त्यातला बहुतेक वेळ थांबण्यात जातो. थांबे ठरलेले आहेत. पहिला थांबा रुईच्या झुडपाशी असतो. रुईचा चीक विषारी, म्हणून जनावरे तिला तोंड लावत नाहीत. पण बिबळ्या कडवा या फुलपाखराचा सुरवंट तीच पाने खातो, ते विष स्वतःच्या अंगात साठवतो आणि त्या बळावर पक्ष्यांपासून वाचतो. हे एकदा सांगितले की मुले पुढच्या प्रत्येक रुईची पाने उलटी करून पाहतात. तिसरा थांबा उंबराचा. दुर्मीळ गोष्टीला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो, आणि येथे ते फूल सगळ्यांना हातात घेऊन पाहता येते, कारण उंबराचे फळ म्हणून आपण ओळखतो ती मुळात असंख्य बारीक फुलांनी आतून भरलेली बंद कुपी असते. तिच्या टोकाच्या छिद्रातून चिलटाएवढी गांधीलमाशी आत शिरते, अंडी घालते आणि परागीभवन करते. ती माशी नसेल तर उंबराला बी धरत नाही आणि उंबर नसेल तर माशीला घर नाही. खाली पडलेले एक उंबर आम्ही नखाने उकलतो. झाडावरचे तोडत नाही.

एका फेरीत १५ माणसे, त्याहून अधिक घेत नाही. पुढे एक स्वयंसेवक, मध्ये एक आणि शेवटी एक असतो. शेवटच्याला आम्ही ‘शेपूट’ म्हणतो आणि ते काम सर्वांत अवघड आहे, कारण छायाचित्रासाठी मागे रेंगाळणाऱ्याला न दुखावता पुढे आणायचे असते. मुलगा उभा राहत नाही याची काळजी नको. त्याला वही, पेन्सिल आणि एक काम द्यावे. ‘किती रुई झुडपांची पाने खाल्लेली दिसली’ एवढे मोजायला सांगितले तरी दोन तास पुरते.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्यात. घोट्यापर्यंत झाकणारे बूट घालावेत आणि दगड उलटू नयेत. खडकाळ उतारावर फुरसे असू शकते आणि ते लहान व मातकट रंगाचे असल्याने चटकन दिसत नाही. अत्तर किंवा सुवासिक तेल लावू नये, धूर करू नये, ओरडू नये. कड्यांवर आग्या मोहोळ असते आणि एकदा त्या माश्या उठल्या की पळण्यापलीकडे उपाय उरत नाही. गेल्या वर्षी कड्यावर पोळे दिसले म्हणून आम्ही अर्ध्या वाटेतून सर्वांना परत आणले होते, आणि दोघे जण त्याबद्दल नाराज होऊन गेले.

फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस जगभर ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही पक्षिगणना चालते. एका जागी किमान १५ मिनिटे दिसलेल्या पक्ष्यांची यादी करून ती ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवायची, इतके ते सोपे आहे. त्या दिवसांत आम्ही एक जादा फेरी ठेवतो, आणि आजींसाठी तर तीच उत्तम, कारण ती एका बाकाभोवतीच होते.

कडुनिंब

मी मुद्दाम दुसरी बाजू मांडतो. मी पूर्वी ज्या शहरात राहत होतो, तेथील एका गटाबरोबर तीन पावसाळे फिरलो. पहिल्या वर्षी आम्ही बारा जण होतो, तिसऱ्या वर्षी सत्तर झालो. एका सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, कंदीलपुष्प या दुर्मीळ रानफुलाची सात रोपे होती. गटप्रमुखाने सर्वांना ती जवळून दाखवली, छायाचित्रे ठिकाणाच्या नावासह समाजमाध्यमांवर गेली आणि पुढच्या पावसाळ्यात तेथे दोन रोपे व पाच खड्डे होते. कंदीलपुष्पाचे कंद खाल्ले जातात, हौशी लोक बागेसाठीही नेतात. खड्डे कोणी केले हे मी पाहिलेले नसल्यामुळे कोणावर आरोप करत नाही, पण वाट आम्ही दाखवली एवढे निश्चित.

दुसरी तक्रार थोडी वेगळी आहे. अशा बहुतेक भ्रमंत्यांत नावे पाढ्यांसारखी म्हटली जातात. हे अमुक, हे तमुक, याचे शास्त्रीय नाव असे, पुढे चला. लोक मान डोलावतात आणि घरी जाईपर्यंत विसरतात. ताईंना कासहून आल्यावर एकच नाव आठवले म्हणून वाईट वाटते आहे. ५० नावे ऐकूनही फार वेगळे झाले नसते, असे मला वाटते.

वाटेवरचा स्वयंसेवक

कडुनिंब, दोन्ही मुद्दे मान्य आहेत आणि पहिल्याबाबत आमचेही हात पूर्ण स्वच्छ नाहीत. पाच वर्षांपूर्वी जूनमध्ये नवरंग पक्षी पाहण्यासाठी आम्ही मोबाइलवरून त्याची शीळ वाजवली होती. नर लगेच जवळ आला, सर्वांना छायाचित्रे मिळाली, पण तो वीस मिनिटे अस्वस्थ होऊन आमच्याभोवती फिरत राहिला. ते त्याचे विणीचे दिवस होते. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून तो लढायला आला होता. त्या दिवसापासून आवाज वाजवणे बंद केले.

दुर्मीळ वनस्पती दिसली तर आम्ही भ्रमंतीची वाट तिच्यापासून दूर ठेवतो आणि सहभागी लोकांना मोबाइलच्या कॅमेऱ्यातील ठिकाणाची नोंद आधीच बंद करायला लावतो. नोंद करायचीच झाली तर आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर करतो, कारण तेथे संकटग्रस्त जातींचे नेमके ठिकाण इतरांना दिसत नाही. एवढ्याने सगळा धोका टळतो असा दावा नाही. म्हणूनच आम्ही रुई, उंबर आणि सावर यांच्यावर भर देतो. पंधरा माणसांनी उंबर पाहिला म्हणून उंबराचे काही बिघडत नाही.

जावळीची शिक्षिका (निवृत्त)

मी ३१ वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर अशा फेऱ्यांत अधूनमधून सामील होते. मूळ प्रश्नातील कास आणि अजिंक्यतारा यांच्या तुलनेविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण उत्तर तेथेच आहे असे मला वाटते.

कासचे पठार हा जांभ्या खडकाचा सडा आहे. खाली सह्याद्रीचा काळा बसाल्ट, आणि त्याचीच दीर्घ काळ झीज होऊन वर तयार झालेला हा जांभा. त्यावर मातीचा थर कित्येक ठिकाणी बोटभरही नसतो, पावसाळ्यात तेथे पाणी तुंबते आणि उन्हाळ्यात तवा तापावा तसा खडक तापतो. अशा जागी मोठे झाड तग धरत नाही, पण तीन-चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळ्या होणाऱ्या वनस्पतींना ती जागा मानवते. मातीत नत्र फार कमी, म्हणून काहींनी कीटक खाण्याचा मार्ग धरला. दवबिंदू या वनस्पतीच्या पानांवरील चिकट थेंबांना कीटक चिकटतो हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु ज्या जांभळ्या-निळ्या ‘सीतेच्या आसवां’ची छायाचित्रे सगळे काढतात, तीही कीटकभक्षी आहेत आणि त्यांचे सूक्ष्म फुगे ओल्या मातीत राहून बारीक जीव आत ओढून घेतात, हे रांगेतून पाहणाऱ्याला कोण सांगणार? तेथे फुलझाडांच्या सुमारे ८५० जातींची नोंद आहे आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली तेव्हा कासचा त्यात समावेश झाला. पण यातील बहुसंख्य रोपांचे पुढचे वर्ष याच वर्षीच्या बियांवर अवलंबून असते. बी धरण्यापूर्वी बूट पडला की त्या रोपाचा वंश तेथे थांबतो. उंबर सोसतो तशी माणसांची गर्दी ते सोसू शकत नाही.

म्हणून माझे मत असे की, कासला माणसाने शिकण्यासाठी नव्हे तर शिकून झाल्यावर जावे. आधी घराजवळच्या डोंगरावर वर्षभर एकाच वाटेने जावे. कडुनिंब म्हणतात तसे नावांचे पाढे होतात, कारण भ्रमंती एकदाच होते; तेच झाड माघात बोडके, चैत्रात पालवलेले आणि आषाढात चिंब पाहिले की नाव घोकावे लागत नाही. कारवीचेच उदाहरण घ्या. सात वर्षांनी एकदा ती सामूहिकपणे फुलते, बी तयार झाले की ती पिढी मरते, आणि बोंडे पुढच्या पावसाच्या ओलाव्याने तडतडून फुटतात. फुललेली कारवी पाहायला झुंडी येतात. मधली सहा वर्षे ती कशी वाढते, हे पाहणारे मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले.

एक विषयांतर करते, पण ते याच गटांशी संबंधित आहे. पावसाळा आला की अनेक उत्साही मंडळे ‘ओसाड’ सड्यांवर खड्डे खणून झाडे लावायला निघतात. सडा ओसाड नसतो. तेथे झाड लावणे म्हणजे जे मुळात तेथे आहे त्यावर सावली टाकणे होय. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर मे महिन्यात गेलात तर गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा फुलवून दगडावर उभा राहणारा सरडा दिसेल. २०१६ मध्ये या सरड्यांची वेगळी प्रजाती (जीनस) शास्त्रात नोंदवली गेली आणि तिला आपल्या मराठी शब्दावरून ‘सरडा’ हेच नाव मिळाले. त्याच पठारावर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण पवनचक्क्यांच्या भागाच्या जवळपास चौपट होते. जेथे पवनचक्क्या होत्या तेथे शिकारी पक्षी कमी, म्हणून सरडे जास्त, आणि ते माणसाला पूर्वीइतके घाबरतही नव्हते. मोकळ्या माळावर इतके काही घडत असते. भ्रमंतीला येणाऱ्यांनी माळाकडे पाहून ‘येथे काहीच नाही’ म्हणणे थांबवले, तरी खड्डे खणणाऱ्या काही कुदळी कमी होतील.

कृष्णाकाठ

सांगलीहून लिहितो. आमच्याकडे डोंगर नाही, नदी आहे. पण अनुभव बराच जुळतो. आम्ही काही मित्र हिवाळ्यात कृष्णेच्या काठाने पक्षिनिरीक्षणाची फेरी काढतो. येणाऱ्या प्रत्येकाला पक्षी नकोच असतात, मगर हवी असते. औदुंबर-भिलवडीच्या टापूत थंडीत मगरी काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात हे खरे, मात्र आम्ही त्या पलीकडच्या काठावर असल्या तरच दुर्बिणीतून दाखवतो आणि पाण्याच्या कडेला कोणालाही उतरू देत नाही. विणीच्या दिवसांत, म्हणजे साधारण फेब्रुवारीपासून, वाळूच्या काठांकडे फेरी नेतच नाही; मगर वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि तेथे माणसांची वर्दळ झाली तर दोघांनाही धोका असतो.

शाहूपुरीकर ताईंना एकच सुचवतो. आजींना केवळ सोबत म्हणून नेऊ नका. आमच्या फेरीत एकदा एक मळ्यातल्या आजी आल्या होत्या. वेडा राघू कोणत्या दरडीत बीळ करतो हे आम्हा दुर्बीणवाल्यांना ठाऊक नव्हते, ते त्यांनी दाखवले.

शाहूपुरीकर

सर्वांचे आभार. काल आम्ही तिघे जाऊन आलो, म्हणून सविस्तर लिहिते.

पावणेसातला निघालो आणि नऊला परतलो. पहिली वीस मिनिटे मुलगा कंटाळला, हे प्रामाणिकपणे सांगते. रुईच्या तिसऱ्या झुडपावर त्याला काळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या पट्ट्यांचा सुरवंट सापडला, तेव्हापासून त्याला आवरणे कठीण झाले. थिरथिरा दिसला, पण माझ्याआधी इतर सर्वांना. दुर्बिणीतून नेमक्या जागी पाहायला मला अजून जमत नाही. उताराचा एक पट्टा वणव्याने काळा पडलेला होता आणि तेथे सर्व जण गप्प झाले. जुने गवत जाळले की नवे चांगले येते या समजुतीने कोणी तरी काडी लावते, आणि त्यात गवतातली अंडी, सरपटणारे जीव आणि पावसाळ्यात लावलेली रोपे सगळेच जाते, असे स्वयंसेवकांनी सांगितले. उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, काढण्याच्या कामाला त्यांना माणसे हवी आहेत. माझ्या पतींनी नाव दिले आहे.

सासूबाईंचे सांगायचे तर, त्या पाटणकडच्या डोंगरातल्या. भ्रमंतीभर काही बोलल्या नाहीत. वळणावर लाल फुलांनी लगडलेले एक झुडूप आले आणि माहिती देणारा तरुण मुलगा क्षणभर अडखळला, तशा त्या म्हणाल्या, “अहो, ही धायटी. हिची फुले ओढून मध चोखायचो आम्ही गुरांमागे असताना. वैद्य औषधी आसवात घालायला नेत असत.” मग दहा मिनिटे तेच चालले. घरी येईपर्यंत गुडघ्यांचा उल्लेख झाला नाही, रात्री मात्र झाला.

एक व्यावहारिक प्रश्न उरतो. मुलाने वहीत ‘उंबर, फळे हिरवी व कडक’ असे लिहून ठेवले आहे आणि चौथ्या रविवारी तीच फळे पुन्हा पाहायची म्हणतो. त्याच्यासाठी दुर्बीण आताच घ्यावी का? दुकानात ८×४२ आणि १०×५० अशा दोन दाखवल्या.

वाटेवरचा स्वयंसेवक

आताच घेऊ नका. गटाकडे तीन दुर्बिणी आहेत, त्या सहा महिने वापरू द्या. पुढे घ्यायचीच झाली तर ८×४२ घ्यावी. आठपट मोठे दिसते, ४२ मिलिमीटरच्या भिंगातून पहाटेही पुरेसा प्रकाश येतो आणि ९ वर्षांच्या हातात १०×५० जड होऊन चित्र हलत राहते.

उंबराच्या त्याच फांदीला खूण म्हणून सुतळी सैल बांधून ठेवतो, म्हणजे त्याला तीच फळे सापडतील. आजींना येताना बाकावर अंथरायला एखादी सतरंजी आणायला सांगा. धायटीच्या वळणावरची माहिती चौथ्या रविवारी त्यांनीच सांगावी, अशी त्या तरुण मुलाची विनंती आहे.